गुरुवारचा डबा

डबा पोहोचवायला अक्कल लागत नाही, असे माझे पक्के मत होते. वर्गात साठ मुलांसमोर उभी राहून केशवसुतांपासून मर्ढेकरांपर्यंत बडबडणाऱ्या बाईला चार पुडांचा एक डबा दोन जिने वर नेऊन देता येणार नाही, असे कोणाच्या मनात तरी येईल काय? पहिल्या गुरुवारी आमटीने माझी साडी रंगवली. दुसऱ्या गुरुवारी मी डबा शेजारच्या बिऱ्हाडात दिला आणि त्या गृहस्थांनी तो, देवाने पाठवला असे समजून, शांतपणे जेवून टाकला. तिसऱ्या गुरुवारी अळणी डबा आणि नेहमीचा डबा यांची अदलाबदल झाली. संध्याकाळी निरोप आला, "आजचा स्वयंपाक इस्पितळातून आणला होता काय?" तेव्हापासून अकलेबद्दलचे माझे मत मी मागे घेतले आहे.

या पानावर वर्षभर मी भाषेविषयी, पुस्तकांविषयी आणि आमच्या महाविद्यालयातल्या गमतीजमतींविषयी लिहीत असते. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात. तेव्हा यंदा व्याकरण बाजूला ठेवून डब्याविषयी लिहावे म्हणते. शिवाय या डब्यापायी मी एक चूक केली, ती कुठेतरी सांगून टाकल्यावाचून मला चैन पडायचे नाही.

आमच्या मंडळाला नाव नाही. नाव काय ठेवावे यावर तीन बैठका झाल्या. एक बाजू 'अन्नपूर्णा'वर अडून बसली, दुसरी म्हणाली की पुण्यात त्या नावाच्या खानावळी काय थोड्या आहेत? चौथ्या बैठकीला भाजीचे भाव वाढल्याचा विषय निघाला आणि नाव राहिले ते राहिलेच. मंडळ जन्माला आले टाळेबंदीत. २०२० साली २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. सदाशिव पेठेतल्या आमच्या गल्लीत पोळ्या करायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या, खानावळींची दारे मिटली आणि एकाएकी लक्षात आले की, या चार-पाच इमारतींमधून कितीतरी म्हातारी माणसे एकेकटी राहतात. मुले अमेरिकेत, नाहीतर बंगळूरला, आणि काहींची कुठेच नाहीत. चार घरांनी मिळून अकरा माणसांचे डबे करायला सुरुवात केली. पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, घंटी वाजवायची आणि चार पायऱ्या खाली येऊन उभे राहायचे. दार किलकिले व्हायचे, एक हात बाहेर यायचा आणि पिशवी आत जायची. माणसाचा चेहरा दिसायचा नाही. नुसत्या हातांवरून मी सगळ्यांना ओळखू लागले होते.

टाळेबंदी उठली, तेव्हा डबे बंद व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, कारण एव्हाना एक गोष्ट उघडकीला आली होती. या माणसांचे जेवणाचे हाल टाळेबंदीमुळे झालेच नव्हते. ते आधीपासूनच होत होते. सकाळी केलेला भात रात्री, रात्रीचा दुसऱ्या दिवशी, आणि कंटाळा आला की चहात बुडवून पाव. एकट्यासाठी कुकर लावायचा उत्साह कोणाला असतो? सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू केली होती. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. पुढे टाळेबंदीत तिचे पाच रुपये केले. योजना चांगली. पण थाळीपर्यंत जायला दोन जिने उतरावे लागतात, आणि आमच्या इमारतींना लिफ्ट नाही. ज्याचे गुडघे गेले त्याला पाच रुपयांची थाळी आणि पाचशे रुपयांची थाळी सारखीच लांब.

आता सव्वीस डबे आहेत. एका जुन्या मंगल कार्यालयाचे मागचे स्वयंपाकघर आम्हाला सकाळपुरते भाड्याने मिळाले आहे. स्वयंपाक करणाऱ्या दोघी बायकांना रीतसर पगार आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे 'सेवा' म्हटली की ती रांधणाऱ्या बाईने फुकट करायची, असा एक गोड समज आहे. पोहोचवणारे मात्र आम्ही सगळे हौशी. डब्याचे शास्त्र मोठे आहे. पोळ्या गरम गरम पुडात घातल्या तर वाफ धरून त्यांचा लगदा होतो, म्हणून आधी त्या परातीत पसरून निववायच्या. आमटी सर्वांत खालच्या पुडात. वरच्या पुडात ठेवली तर माझ्या साडीचे झाले तसे होते. दात नसलेल्यांची पोळी आधीच कुस्करून दुधात किंवा वरणात. मधुमेहाला भात बेताचा. झाकणावर तैलरंगाने खुणा आहेत, आणि ही कल्पना अर्थातच मुंबईच्या डबेवाल्यांकडून उचललेली. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत तो धंदा सुरू केला, तेव्हापासून डबेवाल्यांनी अक्षरओळखीवाचून नुसत्या खुणांवर सारे शहर जेवू घातले. आम्ही सगळे पदवीधर. आमचे सव्वीस डबेही अधूनमधून चुकतात.

पैशाची रीत अशी. ज्याला परवडेल त्याने महिन्याचे पैसे द्यायचे, ज्याला अर्धे परवडतील त्याने अर्धे, ज्याला जमत नाही त्याने काही नाही. कोण काय देतो, हे एकट्या हिशेबनीसांना ठाऊक. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची वही कुलपात असते. डबा पोहोचवणाऱ्याला काही कळत नाही, आणि ते बरेच आहे. मी ज्या दारात उभी राहते तिथला माणूस पुरे पैसे मोजतो की एक पैसाही देत नाही, हे मला माहीत नसल्यामुळे माझा चेहरा सगळीकडे सारखाच राहतो. निदान तसा माझा समज होता.

गुरुवार मी घेतला तो महाविद्यालयाच्या वेळापत्रकामुळे. त्या दिवशी माझे तास दुपारी दोननंतर असतात. पण सासूबाईंनी लगेच विचारले, "गुरुवार का गं? दत्ताचा वार म्हणून?" सासूबाईंना हा सारा प्रकार आधी मुळीच पसंत नव्हता. "स्वतःच्या घरी पोळ्यांना बाई, आणि ही गावाचे डबे पोहोचवते," असे त्या माझ्या नणंदेला फोनवर सांगत असताना मी ऐकले आहे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्या गुरुवारी घरात आदल्या दिवशीची उसळ असे. पुढे एकदा बोलता बोलता पानशेतचा विषय निघाला. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नदीकाठची घरे गेलेली माणसे शाळांमधून येऊन राहिली होती. सासूबाईंच्या आईने तीन दिवस भाकऱ्या थापल्या आणि सासूबाईंनी त्या फडक्यात बांधून शाळेत नेऊन दिल्या. "कुणी विचारलं नाही, कुणाच्या भाकऱ्या म्हणून," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "तुमच्या त्या बायका पोळ्या जाड करतात, असं ऐकते." आता त्या आठवड्यातून एकदा रिक्षाने तिथे जाऊन पोळ्यांची तपासणी करून येतात. स्वयंपाकाच्या बायका त्यांना टरकून असतात.

तर गुरुवार. माझे आजोबाही जन्मभर गुरुवार करीत. ते कोकणातून १९३० च्या सुमाराला पुण्यात शिकायला आले, तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि वारांवर जेवत. आजच्या मुलांना वर्गात 'वार लावून जेवणे' म्हणजे काय ते सांगावे लागते. गरीब विद्यार्थ्याने सात घरे गाठायची, सोमवारी एकाकडे जेवायचे, मंगळवारी दुसऱ्याकडे. सगळे वार भरले तर नशीब, नाहीतर रिकाम्या वाराला उपास. ज्यांना वारही मिळत नसत ती मुले झोळी घेऊन माधुकरी मागत. दादासाहेब केतकरांनी १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह काढले ते अशाच मुलांसाठी. या वारांविषयी आपण फार हळवेपणाने बोलतो. पण ती ताटे जात पाहून वाढलेली असत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्या ओसरीवर ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्या मुलांनी कुठे जेवायचे, याचा विचार कर्मवीर भाऊराव पाटलांनी केला. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह सुरू केले, आणि मुलांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेले. माझ्या आजोबांना ओसरी मिळाली होती. त्यांनी ते कधी नाकारले नाही.

आजोबा देवळात फारसे जात नसत. तरी गुरुवारी पाण्याखेरीज काही घेत नसत. आजी सांगायची, दत्ताची फार भक्ती. मला या भक्तीचे आश्चर्य वाटे, कारण घरात दत्ताचा साधा फोटोसुद्धा नव्हता.

माझ्या गुरुवारच्या फेरीत सात डबे. त्यांतला पाचवा बाईंचा. बाई म्हणजे जुन्या शिक्षिका. एका मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षे गणित शिकवलेल्या. वय ब्याऐंशी. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर घड्याळ, खिडकीत तुळस. दार उघडण्यापूर्वी त्या आतून "कोण?" विचारीत आणि मी "डबा" असे उत्तर देई. पुढे पुढे मला वाटू लागले की माझे नावच डबा आहे. भरलेला डबा द्यायचा आणि आदल्या दिवशीचा रिकामा परत घ्यायचा, अशी पद्धत. बाकीच्या घरांतून डबा कसाही मिळतो. बाईंचा डबा घासून, पुसून, कोरडा करून, पुडे एकात एक बसवून तयार असे.

फेरी हाती घेऊन मला दोनच महिने झाले होते. त्याआधी टाळेबंदीच्या दिवसांत माझ्याकडे दुसऱ्या इमारती होत्या. एका गुरुवारी रिकामा डबा उचलला तो आत काहीतरी खुळखुळले. उघडून पाहिले. वरच्या पुडात खडीसाखरेचे चार-पाच खडे होते.

"बाई, हे आत राहिलंय," मी म्हणाले.

"राहिलेलं नाही, ठेवलंय," बाई म्हणाल्या. "रिकामा डबा परत देऊ नये."

आता आमच्या मंडळाचा एक नियम आहे. कोणाकडूनही काही घ्यायचे नाही. या नियमालाही इतिहास आहे. एका आजींनी एका कार्यकर्तीला आपली एक पैठणी दिली. तिने ती घ्यायला नको होती, पण आजींच्या आग्रहापुढे तिचे चालले नाही. महिन्याभराने आजींचे पुतणे उगवले आणि "तुम्ही लोक डब्याच्या निमित्तानं म्हाताऱ्या माणसांना लुबाडता" असे भर जिन्यात ओरडून गेले. पैठणी परत गेली, कार्यकर्तीने काम सोडले आणि नियम झाला. मला तो अगदी योग्य वाटत होता. मी तो बाईंना नीट समजावून सांगितला. आवाजात पुष्कळ गोडवा होता, हे मला चांगले आठवते. पुतण्याची गोष्ट तेवढी गाळली. शेवटी ते खडे त्यांच्या तळहातावर ठेवून मी म्हणाले, "तुम्ही कशाला उगीच, बाई? तुम्हालाच राहू द्या."

बाईंनी मूठ मिटली. "बरं," म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी स्वयंपाकघरात गेले तर माझ्या वाट्याला सहाच डबे. यादीत बाईंच्या नावापुढे लिहिले होते, 'गुरुवार उपास'. मी विचारले, साबूदाण्याची खिचडी करून न्यायची का? स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "मी इचारलं होतं. कायबी नको म्हनल्या. पानी पिऊन करत्यात." मला कौतुक वाटले. या वयात निर्जळीच्या खालोखाल उपास! सासूबाईंना सांगितले तर त्याही म्हणाल्या, "जुनी हाडं ती."

असे तीन गुरुवार गेले. माझी फेरी एका डब्याने हलकी झाली होती आणि खरे सांगायचे तर दोन जिने वाचल्याचे मला बरेच वाटत होते.

मग एका मंगळवारी बँकेच्या कामाला निघाले असता मंगळवारचा फेरीवाला कोपऱ्यावर भेटला. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, माझ्या मुलाहून दोन वर्षांनी मोठा. एका हातात रिकाम्या डब्यांची पिशवी आणि तोंडात काहीतरी कडाकडा चावणे चालले होते.

"काय खातोस रे?"

"खडीसाखर. बाई देतात ना डब्यातून. कधी खडीसाखर, कधी शेंगदाणे. परवा सोमवारवाल्या काकूंना दोन लिंबं होती." तो थोडा वरमला. "म्हणजे नियम माहितेय मला. पण सगळेच घेतात. तुम्हाला नाही देत?"

मी बँकेत गेले नाही. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले.

मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा आजोबांना विचारले होते, "आजोबा, दत्तावर तुमची एवढी भक्ती, मग कधी नरसोबाच्या वाडीला कसे गेला नाहीत?" आजोबा हसले होते. म्हणाले, "दत्ताचा आणि माझा काही संबंध नाही. मी त्याचं नाव वापरलं, एवढंच." मग त्यांनी गुरुवारच्या घराची हकीकत सांगितली. त्यांचे साती वार भरलेले होते. सोमवारच्या घरी ते तिथल्या पोराला पाढे शिकवीत. बुधवारच्या घरी विहिरीचे पाणी काढीत. शनिवारची बाई खाष्ट होती. ती वाढताना बोले आणि यांच्याकडून धान्य निवडून घेई. गुरुवारचे घर सर्वांत चांगले. तिथे तूप जास्त, बोलणे गोड आणि काम म्हणून काही सांगायचे नाही. एका संक्रांतीला आजोबांनी शिकवणीच्या मिळालेल्या पैशांतून तिळगुळाची पुडी घेतली आणि गुरुवारी त्या घरच्या बाईंच्या हातात ठेवली. त्या कळवळून म्हणाल्या, "अरे, तू कशाला रे पैसे घालवलेस? तुझं तुलाच राहू दे." आणि पुडी त्यांच्या हातात परत दिली. पुढच्या आठवड्यात आजोबांनी निरोप धाडला, दत्ताचा गुरुवार धरला आहे, तेव्हा यापुढे जेवायला येणार नाही.

"पण मग नंतर का केलात? शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी?" मी विचारले होते.

"खोटं बोललो ते देवाच्या नावावर. ते खरं करायला नको?"

तेव्हा मी पोट धरून हसले होते. मैत्रिणींना ही गोष्ट मी किती वेळा रंगवून सांगितली असेल! पुण्याचा विक्षिप्तपणा या सदराखाली ती चांगली खपे. शनिवारच्या खाष्ट बाईचे घर आजोबांनी शेवटपर्यंत का सोडले नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आणि गुरुवारच्या त्या भल्या बाईंचा विचार तर कधी मनातही आला नव्हता. त्यांनी काय केले असेल? मुलगा धार्मिक आहे म्हणून कौतुक केले असेल. शेजारणीला सांगितलेही असेल. त्यांना शेवटपर्यंत काही कळले नसेल.

मला कळले ते कोपऱ्यावरच्या एका पोराने कडाकडा खडीसाखर चावली म्हणून. नाहीतर मीही बाईंच्या उपासाचे कौतुक करीत राहिले असते.

त्या गुरुवारी सहा डबे देऊन झाल्यावर मी बाईंचे दोन जिने चढले. हातात काही नव्हते. आतून "कोण?" आले. "डबा" म्हणायची सोय नव्हती. काय म्हणावे ते पटकन सुचेना. चाळीस मिनिटे न थांबता बोलायची जिला सवय, तिला नावसुद्धा धड सांगता आले नाही.

बाईंनी दार उघडले. "आज माझा उपास आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, बाई. मला तहान लागली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. गणिताच्या शिक्षिकेने उत्तर बरोबर पण पायऱ्या गाळलेल्या वहीकडे पाहावे तसे. मग "बसा" म्हणून आत गेल्या. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. आत डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज येत होते. पाण्याचा तांब्या, फुलपात्र आणि एका वाटीत गुळाचा खडा. नुसते पाणी देऊ नये, ही आपली जुनी रीत. मी गूळ तोंडात टाकला.

"मधुमेह नाही ना?" बाईंनी विचारले.

"नाही."

"मग आणखी घ्या." त्या आत जाऊन आणखी एक खडा घेऊन आल्या. तोही मी खाल्ला. मग आम्ही घड्याळाविषयी बोललो. ते रोज चार मिनिटे पुढे जाते आणि बाई रोज सकाळी ते चार मिनिटे मागे घेतात. दुरुस्तीला का देत नाही, असे मी विचारले नाही. मी उठले तेव्हा बाई म्हणाल्या, "नियम चांगला आहे हो तुमचा. मी एकोणतीस वर्षं नियमच शिकवले." पुढे काही बोलल्या नाहीत. मीही माफी वगैरे मागितली नाही. मागितली असती तर त्यांना "असू द्या, असू द्या" म्हणावे लागले असते, आणि पुन्हा मीच काहीतरी घेऊन, त्यांना काही न देता, जिना उतरले असते.

पुढच्या आठवड्यात यादीतला 'उपास' खोडलेला होता.

महिन्याच्या बैठकीत मी नियमाचा विषय काढला. मला वाटले होते वाद होईल. वाद झाला तो निराळाच. कोण काय काय घेतो याचे कबुलीजबाब सुरू झाले. सोमवारवाल्या काकूंच्या लिंबांचे लोणचे मुरायलाही लागले होते. शुक्रवारच्या फेरीवाल्याने एका आजोबांकडून बुद्धिबळाची एक चाल दर आठवड्याला घेतली होती. डाव सात महिने चालू होता. हिशेबनीस इतका वेळ मान खाली घालून बसले होते. त्यांची फेरी रविवारची. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. बडीशेप. "पण मी ती वहीत मांडतो," ते म्हणाले. कुलपातल्या त्या वहीत शेवटच्या पानावर तारखेनिशी बडीशेप, शेंगदाणे आणि एकदा मोगऱ्याची तीन फुले जमा दाखवलेली आहेत. अख्ख्या मंडळात नियम पाळणारी मी एकटी निघाले.

नियम काढून टाकावा, असे काहींचे मत पडले. मला ते पटले नाही. पैठणीचा पुतण्या उद्या पुन्हा येऊ शकतो. शेवटी असे ठरले की खाण्याची वस्तू असेल आणि मुठीत मावत असेल तर घ्यावी. मूठ कोणाची, यावर अर्धा तास गेला. देणाऱ्याची, असे ठरले.

गेल्या दिवाळीच्या आठवड्यातला गुरुवार. आमच्या डब्यातही त्या दिवशी एकेक लाडू होता, सासूबाईंच्या देखरेखीखाली वळलेला. बाईंनी दार उघडले, भरलेला डबा घेतला आणि रिकामा माझ्या हातात दिला. तो नेहमीपेक्षा सांभाळून दिला. खुळखुळला नाही. जिन्याच्या वळणावर येऊन मी तो उघडला. आत एक करंजी होती. कातण्याने कापलेली कड एका बाजूला फाटली होती आणि तिथून थोडे सारण तळणीत सांडलेले असावे. तेवढी जागा काळी पडली होती. एकच होती. ब्याऐंशी वर्षांची बाई रवा-मैदा भिजवते, नारळ खवते, कढई चढवते, ती एका करंजीसाठी नव्हे. सातजणांच्या सात असणार, आणि गुरुवारची माझी.

मी ती तिथेच उभी राहून खाल्ली. सारणात गोड जरा कमी होते. पिशवीत सहावा आणि सातवा डबा निवत होता. सातवे आजोबा उशीर झाला की घड्याळ दाखवतात, म्हणून हात पदराला पुसले आणि खाली उतरले.